राखणीची काठी

आमच्या वहिनीनं एकदा अख्ख्या वाडीचा कायदा चुलीत घातला होता, ठाऊक आहे?

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. मुळशीतल्या आमच्या वाडीनं ठरवलं होतं, डोंगरावरचं ओलं लाकूड कुणी तोडायचं नाही आणि रानाची राखण आळीपाळीनं करायची. संध्याकाळी ज्याच्या दारात काठी, त्यानं सकाळी रानात जायचं. वहिनी नवी नवरी. दारात वाळकी काठी दिसली, तिनं तिच्यावर भाकऱ्या भाजल्या!

काठी जळाल्याचं कळलं तसे सकाळी सगळे पारावर जमले. पाटील कडाडले, "नवी काठी तोडून आणा!"

आई म्हणाली, "कुटनं? तोडायची बंदी तुमीच घातलीया न्हवं?"

तेवढ्यात वहिनी पदराआडून म्हणाली, "काठी मी जाळली, तर तिच्या जागी मीच जाते की. ज्याची राखण, त्याला सांजच्याला सांगून येते."

लोक हसले, पण वहिनी खरंच रोज संध्याकाळी ज्याची पाळी त्याच्या दारात जाऊ लागली. पंधरवड्यात पाटील आईला बाजूला घेऊन म्हणाले, "आक्का, काठीच बरी व्हती. गपचिप शेजारच्या दारात सरकवता यायची. हिला कशी सरकवू?"