हॉट योगा आणि खिशातला कांदा

अहो, झाशीच्या माणसाला चाळीस डिग्रीची भीती कसली घालता? भर मे महिन्यात हीटर लावलेल्या खोलीत योगा करायचा म्हटल्यावर सून घाबरली, पण मी पहिल्याच दिवशी ऐटीत गेलो. घरातून निघताना उन्हाची लू लागू नये म्हणून सवयीनं खिशात कांदा टाकला होता, तो तसाच राहिला. पायाचे अंगठे धरायला वाकलो, तर कांदा टुणकन खाली पडला आणि गडगडत थेट शिकवणाऱ्या मॅडमच्या चटईवर गेला. मॅडम देहरादूनच्या, इथं नवीन.

"अंकल जी, ये क्या है?"

"प्याज है, बेटा. लू नहीं लगती."

सगळा क्लास खो खो हसला. शेजारचे दुबेजी तर पोट धरून हसले. मी म्हटलं, हसा लेको!

मॅडम मात्र चिडल्या. "क्लास में जेब में कुछ नहीं रखना है. सब लोग अपनी जेबें खाली कीजिए."

हसणं एकदम थांबलं. एकेक जण मान खाली घालून उठला. खिडकीत चाव्या, मोबाइल आणि माझा धरून सात कांदे जमले.

त्यातले दोन दुबेजींचे होते.