मागे राहिलेला मोती

दिल्लीत शिकून वर्ध्याला परत येताना मला वाटलं होतं, भाड्याच्या घरात कुत्रा पाळायचा म्हटलं की घरमालकाशी भांडावं लागणार. माझे मुद्देसुद्धा तयार होते. वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेतल्या घरमालकीण काकूंनी मात्र एकच अट घातली.

"तुले कुत्रा पाळाचा असन तं दुसरा आण. पण ह्या मोतीले खाऊ नको घालू."

फाटकाजवळ एक म्हातारा कुत्रा बसला होता.

"काऊन, काकू?"

"आधीच्या भाडेकरूचा हाय थो. बदली झाली तसा मालक गेला, हा इथंच राह्यला. किती दिवस अन्नाले तोंड नाई लावलं यानं. तुम्ही लोकं लळा लावता अन् सामान बांधता. मंग आम्ही दोघं बसतो रडत."

"मी नाही जाणार. मी कायमची परत आलेय," मी आवेशाने म्हणाले.

"थो बी असंच म्हणे. तुही नोकरी पक्की हाय का?"

"नाही. वर्षभराचा करार आहे."

काकूंनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

संध्याकाळी मोती दाराशी आला आणि मी त्याला अर्धी पोळी दिलीच. रात्री तो माझ्या दाराला टेकून झोपला. सकाळी काकूंनी भाताची थाळी ठेवून किती हाका मारल्या, पण तो जागचा हलेना. माझ्याकडेच बघत राहिला.

तेव्हाच मी ठरवलं, वर्षभराने मलाही सामान बांधावं लागलं तर याला पुन्हा रडवायचं नाही. उरलेल्या पोळ्या काकूंच्या हातात दिल्या, "तुम्हीच घाला," म्हटलं आणि दार लावून घेतलं. मोती बराच वेळ दार खरवडत होता.