लग्न जमवलं त्यानं, पान कुठंय?

आमच्या आईनं परवा काय केलं, ऐका. मरीन परेडच्या आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या हॉलमध्ये जुना युरोपियन रोमँटिक कॉमेडी सिनेमा दाखवणार होते. आई पुण्याहून आलेली, तिलाही नेलं. माझी लेक वाटेतच, वाक्यामागं 'लाह' लावायच्या तिच्या सिंगापुरी लकबीत, बजावत होती, "आजी, सॉफ्टली बोल, लाह!"

सिनेमाभर एक भारतीय नोकर नायकाचे निरोप नायिकेला पोचवतो. शेवटी थाटात लग्न लागतं, सगळे जेवायला बसतात आणि हा बिचारा दाराबाहेर छत्री धरून उभा.

आई भर हॉलमध्ये कडाडली, "लग्न जमवलं यानं, आणि पंगतीत यालाच पान नाही?"

सगळे वळून बघायला लागले. सिनेमा निवडणाऱ्या फ्रेंच आजोबांनी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

मला वाटलं, लेक आता खुर्चीखाली शिरणार. पण तिनं उभं राहून खणखणीत इंग्रजीत सगळं सांगितलं.

आजोबा म्हणाले, "इतक्यांदा पाहिला, पण हा माणूस मला कधी दिसलाच नाही." आणि त्यांनी सिनेमा परत पहिल्यापासून लावला.

मागून कुणीतरी विचारलं, "कोण हो या बाई?"

"माय आजी, लाह!" लेक ओरडली. सॉफ्टली बिफ्टली काही नाही.