घागर सोडली, सासू धरली

बसा, बसा! पुढं सरका थोडं. टाळकऱ्यांनो, टाळ जरा मांडीवर घ्या. आधी मला एक सांगा — देवापुढं उभं राहताना माणसानं काय लपवावं? पाप लपवता येत नाही, ते त्याला ठाऊकच असतं. मग दुखणं? दुखण्याची लाज धरावी का हो? औषधाची गोळी घेणाऱ्याची भक्ती कमी, अन् न घेणाऱ्याची जास्त — असं कुठं लिहिलंय का?

कोण बोलणार! ठीक आहे. मग निगडेवाडीच्या सोनाक्काची गोष्ट ऐका, अन् उत्तर तुम्हीच द्या.

निगडेवाडीला टेकडी आहे. टेकडीवर टेकाई देवी. जत्रेच्या सकाळी खालच्या नदीचं पाणी तांब्याच्या घागरीतून वर न्यायचं, अन् त्या पाण्यानं देवीला स्नान घालायचं. ही मानाची घागर सोनाक्काच्या घराची! लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिनंच वाहिली. कशी? निर्जळी उपास, अनवाणी पाय, अन् वाटेत घागर खाली टेकवायची नाही. हलगी कडाडायची, अक्का ताठ मानेनं पायऱ्या चढायची, अन् बघणाऱ्या बायका पोरींना सांगायच्या — "बघ गं, चालावं तर असं!"

पण मंडळी, शरीर काही मान बघत नाही. अक्काला तहान लागायला लागली, सारखी लघवीला जावं लागायचं, पायाची जखम भरेना. सून वैजयंता तिला तालुक्याला डॉक्टर शमीम मुजावर यांच्याकडं घेऊन गेली. रक्त तपासलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अक्का, साखर वाढलीय. मधुमेह आहे."

अक्का काय म्हणाली असेल? "मी तर चहासुद्धा बिनसाखरेचा पिते!" — आता हसताय, पण तुम्हीही हेच म्हणाला होतात!

डॉक्टरबाईंनी दोन गोळ्या दिल्या. समजावून सांगितलं, "ही पहिली, जेवणासोबत घ्यायची. दुसरी आहे ती स्वादुपिंडाला कामाला लावते, साखर खाली आणते. पोटात अन्न असो की नसो, ती आपलं काम करणारच! म्हणून गोळी चुकवायची नाही, अन् गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही."

अक्कानं मान हलवली. ऐकलं, पण अर्धंच ऐकलं! गोळी चुकवायची नाही — एवढंच डोक्यात. आपणही कीर्तन असंच ऐकतो, नाही का?

बाहेर आल्यावर सुनेला म्हणाली, "वैजू, गावात बोलायचं नाही. साखरवाली म्हटलं की मान जाईल घराचा."

"आत्या, जत्रेच्या उपासाचं तरी डॉक्टरबाईंना विचारू या."

"त्यात काय विचारायचं? उपास माझा अन् देवीचा!"

झालं! गोळ्यांचं पाकीट ज्वारीच्या डब्यात गेलं. सुनेनं मात्र एक केलं. साखर अचानक उतरली तर तोंडात साखर घालायची, हे तिला डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. तिनं साखरेची पुडी पदराच्या गाठीत बांधली ती कायमची.

जत्रेचा दिवस उजाडला. आदल्या रात्रीपासून अक्काच्या पोटात कण नाही. सकाळी कुणी बघत नाही असं पाहून तिनं ती दुसरी, साखर खाली आणणारी गोळी घेतली. कशी? पाण्याविना! उपास मोडू नये म्हणून कोरडीच गिळली! काय म्हणावं या निष्ठेला? हसावं की रडावं?

हलगी वाजली. घागर भरली. "टेकाईच्या नावानं चांगभलं!" अक्का निघाली. मागोमाग वैजयंता. पहिला टप्पा झाला. दुसऱ्या टप्प्यावर अक्काला दरदरून घाम फुटला. सकाळचा गार वारा, अन् हिचं लुगडं भिजलेलं! हात थरथरायला लागले. सून म्हणाली, "आत्या, बरं वाटतंय ना?" तर अक्का खेकसली, "गप चाल!" जन्मात जिनं सुनेवर आवाज चढवला नाही, ती! वैजयंतानं ओळखलं — हे आत्या बोलत नाहीत, हे साखर उतरलीय ते बोलतंय!

अन् अक्का झुकली. घागर डोक्यावरून कलली. एका क्षणाचा खेळ हो! हात दोनच. एकीकडं घराण्याचा मान, दुसरीकडं सासू. काय धरलं असतं तुम्ही?

सुनेनं घागर सोडली, सासू धरली!

ठण्ण — ठण्ण — ठण्ण! घागर पायऱ्यांवरून गडगडत खाली. हलगी थांबली. वैजयंतानं अक्काला मांडीवर घेतलं, गाठ सोडली. "आत्या, तोंड उघडा!"

"उपास… उपास आहे माझा…"

"तुम्ही राहिलात तर उपास राहील! उघडा तोंड!"

साखर तोंडात गेली. अक्कानं ती चघळली, गिळली. वर दोन घोट पाणी.

देवस्थानचे अध्यक्ष रंगराव तरातरा खाली आले. गडी मोठा, आवाज त्याहून मोठा! "उपास मोडला! घागर पाडली! अरे, मान गेला या घराचा! पुढल्या वर्षी दुसरं घर बघा!"

वैजयंता काही बोलणार, तेवढ्यात अक्का उठून बसली. चेहरा पांढराफटक, पण मान? मान तशीच ताठ! म्हणाली, "रंगराव, ओरडू नका. मला मधुमेह आहे. मी गोळ्या घेते. गावापासून लपवलं, ती चूक माझी. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली, तीही चूक माझी. पण माझ्या सुनेनं काही पाडलं नाही. तिनं मला उचललंय!"

अन् लगेच बायकांच्या घोळक्यातून एक आवाज आला. रंगरावांच्या मालकीणबाईंचा! "अवो अध्यक्ष! आमच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागं इन्सुलिनची इंजेक्शनं कुणाची हायत, ते बी सांगा की आता!"

काय सांगू मंडळी! रंगरावांनी फेटा काढला, डोकं पुसलं, फेटा पुन्हा घातला. शेवटी खाली पायरीवर अक्काशेजारी बसले. हळूच म्हणाले, "मला बी हाय, अक्का. लाज वाटत हुती."

मग हलगीवाला म्हणाला, "मला बी." फुलवाल्या मावशी म्हणाल्या, "मी बी घेते गोळी, जेवणानंतरची." अहो, अर्धी जत्रा गोळ्या खात होती, अन् एकमेकांपासून लपवत होती!

जत्रेतल्या आरोग्य पथकात डॉक्टर मुजावरच होत्या. त्या धावत वर आल्या. बोटातून रक्त काढून साखर तपासली. अक्का म्हणाली, "बरी आहे मी. घागर आणा, चढते."

"नाही अक्का. गोळीचा जोर अजून शरीरात आहे, साखर पुन्हा उतरू शकते. आता पोटभर खायचं, अन् आज माझ्या नजरेसमोर बसायचं."

अक्कानं डोळे मिटले. तेवढं सोपं नव्हतं हो! लग्नापासूनचा मान. मग डोळे उघडले अन् सुनेला म्हणाली, "वैजू, तू ने घागर. पण आधी माझ्याबरोबर बस. भाकरी खा. मग उचल."

सासू-सून पायरीवर बसून सगळ्या गावासमोर जेवल्या. मग वैजयंतानं नदीवरून घागर पुन्हा भरली. पोचे आलेली घागर डोक्यावर घेऊन ती चढली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं "चांगभलं" कोण ओरडलं? रंगराव! देवीला उशिरा स्नान झालं. देवी रागावली? आई आहे ती! लेकरू जेवून आलं म्हणून कुठली आई रागावते?

पुढं डॉक्टरबाईंनी अक्काच्या गोळ्या बदलून दिल्या. पुढच्या जत्रेला अक्का न्याहारी करून, पायात कापडी बूट घालून घागर घेऊन चढली. असा रुबाब निगडेवाडीनं त्याआधी पाहिला नव्हता! एका म्हातारीनं विचारलं, "अक्का, उपास नाही?" अक्का म्हणाली, "देवीनं दिलेलं शरीर सांभाळते, हेच माझं व्रत."

आता तुमच्याकडं वळतो. मी कीर्तनकार, डॉक्टर नव्हे. कुठली गोळी कुणाला, ते डॉक्टरांना विचारा. आपल्या मनानं बंद करू नका, आपल्या मनानं उपाशीपोटी घेऊ नका. अन् उपास धरायचा असेल तर आधी त्यांना विचारा.

आता बराच वेळ झाला. या मांडवात कितीतरी जण असे बसलेत की ज्यांच्या जेवणाची अन् गोळीची वेळ झालीय, पण कीर्तनातून उठायचं कसं म्हणून अवघडून बसलेत. उठा! हळूच नको, वाकून नको, तोंड लपवून नको. ताठ उठा! आरतीला देव थांबेल.

हां… त्या खांबाजवळचे आजोबा उठले. शाब्बास! त्या काकू उठल्या. अहो, हे तर आमचे पेटीवालेच उठले! हसू नका कुणी, वाट द्या त्यांना! टाळकऱ्यांनो, हलगी समजून टाळ वाजवा — मानाची माणसं निघालीत जेवायला!