बॅटरीची खांदशेकणी

नाही, पन मले एक सांगा, तूप कुठं लावतात? पोळीले. बैलाच्या खांद्यालेही लावतात, मान्य. पोळ्याच्या आदल्या सांजेले खांदे शेकतात तवा हळद-तूप चोळतात, सारा वऱ्हाड चोळते. पन बॅटरीले? बॅटरीले कोनी तूप चोळते का हो? आता चूक कोनाची म्हनाल तं... जाऊ द्या. मीच म्हनलो होतो ना, बॅटरी म्हंजे बैल.

तुमाले सांगतो, मी रहेमतुल्ला मिस्त्री, मेहकरचा. बारा वर्सं मोटरीखाली उताना पडून काढली, तोंडावर तेल झेलत. मंग डोक्यात आलं, शहरात सभेले भोंगे लागतात, तं आमच्या खेड्यानं काय पाप केलं? वीज नाही, नसू द्या. छकड्यावर भोंगा बांधाचा, खाली मोटरीच्या बॅटऱ्या ठेवाच्या, अन् बैल जातील तिथं आवाज. काम सोडलं. अमीनानं, म्हंजे आमच्या घरच्या सरकारनं, एकच अट टाकली, "पोळे में भोंगा बोल्या तो ठीक, नई तो चुपचाप जाके मोटर के नीचे लेटो."

अन् बॅटऱ्या म्या अशातशा नाही जमवल्या. चारी एका वयाच्या, एका घरच्या. काऊन? म्हाताऱ्या बैलासंगं खोंड जुपला तं म्हातारा ओढत नाही अन् खोंडाचा जीव घेते. दोन-दोन एकामागं एक जोडल्या, त्यानं जोर वाढते. मंग त्या दोन जोड्या शेजारी-शेजारी, त्यानं दम वाढते. पानी पावसाचं, गाळून, लोणारच्या तळ्यासारखं खारं नाही. अन् अर्ध्याच्या खाली दमवाचं नाही. हे गाडीवान पंजाबरावले समजवाचं कसं? मानूस भला, पन मोटर दिसली का पागोटं सावरत बाजूले होनारा. मंग म्या म्हनलं, पंजाबराव, बॅटरी म्हंजे बैल. त्याले समजलं. इतकं समजलं, इतकं समजलं की...

अमडापूरच्या उत्तमराव पाटलानं बोलावलं होतं. पोळ्यात तोरणाखाली बैल उभे राह्यले का तिथं झडत्या म्हनतात, यमक जुळवून आपल्या बैलाची तारीफ अन् दुसऱ्याची टर. पाटलाचा आवाज असा की शेजारचा विचारते, काय म्हनले? अन् समोरच्या आळीचा अर्जुनराव नुसता खाकरला तरी चिखलीले ऐकू जाते. सात वर्सं पाटील हरले. यंदा भोंगा. आदल्या दिवशी पोचलो, पोळ्याले बैल जुपत नाहीत ना. भोंगा तपासला, खनखनीत. पंजाबरावच्या हवाली केला अन् आत्याकडं मुक्कामाले गेलो. तेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी सारं गाव जमलं, पाटील नवा फेटा बांधून उभे. कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. चूप. छकड्याचं फडकं वर केलं तं काय सांगू तुमाले... तारांचे चारी जोड चिमटे काढलेले, बॅटऱ्याईच्या तार लागते त्या खुंट्यावर हळद-तुपाचा लेप, अंगावर गेरूचे ठिपके, अन् समोर पुरणपोळी.

"पंजाबराव, हे काय?"

"खांदे शेकले, मिस्त्री. बॅटऱ्याईले आवतनही देल्लं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.'"

"अन् चिमटे काऊन काढले?"

"जू उतरवल्याबिगर खांदे कसे शेकाचे?"

म्हनलं ठीक हाय, घासलेट आना, घडीभरात पुसतो. चिमटा उचलला तं त्यानं माहा हात धरला. "मिस्त्री, आज पोळा हाय. आज जू नाही ठेवत."

"अबे, ते बैल हायेत का?"

"तुमीच तं म्हनले होते."

पाटलानं माह्याकडं पाह्यलं. "म्हनले होते का, मिस्त्री?" आता चार लोकाईसमोर खोटं बोलू? म्हनलं, हो, म्हनलो होतो, पन... 'पन' ऐकाले कोन थांबते? शालूबाई म्हातारी पुढं झाली, बॅटरीवरून हात फिरवून म्हने, "वर्सभर राबतात बिचाऱ्या, आज तं सोडा." अन् तिकून अर्जुनराव, मिशीत हसून, "काय पाटील, पोळ्याच्या दिवशी जुपता का?" झालं. गावाच्या पाटलानं कोन्या तोंडानं जुपावं? मी म्हनलो होतो ना, बॅटरी म्हंजे बैल!

झडती पाटलानं गळ्यानंच म्हनली. पहिल्या ओळीले लोक पुढं सरकले, दुसरीले पाटलाले ठसका लागला. मंग अर्जुनराव बोलले, ते माह्या आत्यानं घरात दार लावून ऐकलं. पाटील आठव्यांदा हरले. म्हने, "मिस्त्री, उद्या उजाडताच गाडी काढा, अन् पुन्हा इकडं दिसू नका."

उजाडताच निघालो. वाटेत पंजाबरावनं आपल्या हातानं खुंट्या पुसल्या, चिमटे बसवले. भोंगा असा कडाडला की शिवारातल्या साळुंक्या उडाल्या. रडू आलं मले, खरं सांगतो. अन् हा म्हनते, "पाह्यलं मिस्त्री? एक दिवस आराम भेटला तं कसा जोर आला."

आता पुन्हा मोटरीखाली हाय. अमीनाची अट म्हंजे अट. परवा गॅरेजच्या मालकाले म्हनलं, पुढल्या पोळ्याले एक दिवस सुट्टी द्या. तो म्हने, "पोळा बैलाचा असते मिस्त्री, तुमचा कुठून आला?" बरोबरच हाय. बैलाले सुट्टी, बॅटरीले सुट्टी. चूक माहीच झाली. तवाच लगोलग म्हनून ठेवाले पाह्यजे होतं, मिस्त्री म्हंजे बैल.