शंकाबाईंची खोटी गाडी

आजच्या समारंभाचे आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, चाचणी विभागातून आज निवृत्त होणाऱ्या आमच्या बाई, त्यांचे यजमान आणि कन्या, कारखान्यातले सर्व सहकारी, आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसलेले एक गृहस्थ, ज्यांची ओळख मी ओघात करून देईन, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी या कारखान्याचा ट्रायल ड्रायव्हर होतो. आता स्टोअर सांभाळतो. ड्रायव्हरच्या हाती माइक देणं तसं धोक्याचं, त्याला तो हॉर्नच वाटतो. तरीही अध्यक्षांनी मला बोलू दिलं, हा त्यांचा मोठेपणा.

बाईंना आपण सगळे पाठीमागे शंकाबाई म्हणतो. त्या हसतायत, म्हणजे त्यांना ठाऊक आहे. आपण ट्रकवर उचलता येणारा हौदा बसवतो. आताच्या ट्रकमध्ये ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत केबल जात नाही. पेडलपाशी एक पेटी, इंजिनापाशी एक, हौद्याची एक, आणि साऱ्या पेट्या तारांच्या एकाच जोडीवरून एकमेकींना निरोप धाडतात. या लाइनीला जाणकार ‘बस’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बाईंना विचारलं होतं, स्टॉप कुठे आहे. हौदा उचलायचा असला की त्याची पेटी इंजिनाला सांगते, वेग वाढव. गाडी उभी असताना हे ठीक. पण गाडी रस्त्यावर असताना पेटी बिघडली आणि तेच सांगत सुटली, तर?

ही शंका बाईंची. त्यांच्याकडे एक फुकटचा प्रोग्राम होता. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, आतली प्रत्येक ओळ कुणीही वाचावी असा. त्यात ट्रक नसतानाही ट्रकची सगळी लाइन कॉम्प्युटरवर उभी करता येते. बाईंनी अशी एक खोटी गाडी उभी केली, हौद्याच्या पेटीत पाणी शिरलंय असं मानलं, आणि पाहिलं. पेडल सोडलं तरी इंजिन वेग घेत होतं.

त्या तेव्हाच्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, “फुकटच्या खेळण्यावर मी गाड्या थांबवू? तुम्ही शंका घ्या बाई, निर्णय आम्ही घेतो.” बाईंचा कागद टेबलाच्या खणात गेला. बाई गप्प बसल्या.

तीन आठवड्यांनी मी वाळू भरलेला ट्रक घेऊन उतारावर होतो. सकाळीच गाडी धुतली होती. मी पेडलवरून पाय काढला आणि गाडी उसळली. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. पाठीमागून वाळूचा रेटा, पुढून इंजिनाची ओढ, आणि ब्रेक जळाल्याचा वास. वळणावर एक शिवणकाम करणारी बाई कापडाचा गठ्ठा घेऊन उभी होती. ट्रकने तिला भिंतीवर चिरडलं. काच फुटून गेली होती, त्यामुळे आमच्यामध्ये काहीच नव्हतं. तिचे डोळे उघडे होते. माझ्याकडेच होते.

लोकांनी मला काचेच्या जागेतून ओढून काढलं. समोरच तिच्या भावाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. तो शटरची लोखंडी सळई घेऊन आला. पहिला घाव गुडघ्यावर, दुसरा तिथेच, तिसराही तिथेच. हाड मोडल्याचा आवाज मला दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकू आला.

कारखान्याने लिहून दिलं, ड्रायव्हरचा पाय चुकला. मी इस्पितळात, दाराशी पोलीस. बाई भेटायला आल्या. म्हणाल्या, “तुमचा पाय पेडलवर नव्हता. मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे.” सांगा, मी काय करायला हवं होतं? मी सलाइनचा स्टँड उचलून त्यांना मारला. कपाळ फुटलं. ती खूण आज पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल. बाईंनी रुमाल दाबून धरला आणि म्हणाल्या, “चौकशीत मी हेच सांगणार आहे.”

त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो भाऊ तीच सळई घेऊन चाचणीच्या खोलीत शिरला. कॉम्प्युटर फोडले. “तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस,” म्हणत बाईंच्या खांद्याचं हाड मोडलं. दोघांनी त्याला धरून ठेवलं होतं, आणि बाई जमिनीवर बसूनच बोलल्या, “हो, मी गप्प बसले. आता माझ्यावर विश्वास ठेवू नका, साहेबांवरही नको. प्रोग्राम फुकट आहे. तुमच्या दुकानात गाडी उभी करा आणि स्वतः बघा.”

जामिनावर सुटल्यावर त्याने तेच केलं. महिनाभर दुकान बंद ठेवून बहिणीचा जीव घेणारी गाडी तो पुन्हापुन्हा चालवत राहिला. मग चौकशीत उभा राहिला आणि म्हणाला, “याचा पाय पेडलवर नसतानाही गाडी पळते.” अधिकाऱ्यांनी विचारलं, तुम्ही याच्या बाजूने बोलताय का? तो म्हणाला, “नाही. जे दिसलं ते सांगतोय.”

मी सुटलो. साहेबांवर खटला झाला. रस्त्यावरचे सगळे ट्रक परत बोलावून पेट्या बदलल्या. पण मी गुडघ्याची तक्रार मागे घेतली नाही आणि बाईंनी खांद्याची. तो दीड वर्ष तुरुंगात होता. कुणी कुणाला माफ केलं, असं सुरेख वाक्य मला आज म्हणता येणार नाही. बाहेर आल्यावर तो थेट बाईंच्या खोलीत आला आणि म्हणाला, “काम असेल तर सांगा.” बाईंनी खुर्ची सरकवली.

तेच हे तिसऱ्या रांगेतले गृहस्थ. गेली सहा वर्षं ते बाईंच्या शेजारी बसून, गाडी रस्त्यावर जाण्याआधी तिची खोटी गाडी कॉम्प्युटरवर मोडून बघतात. उद्यापासून बाईंचं काम त्यांच्याकडे आहे.

काल बाई मला म्हणाल्या, “भाषणात माझं कौतुक करा, पण ते तीन आठवडे गाळू नका.” बाई, गाळले नाहीत.

अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आता त्या गृहस्थांनाही दोन शब्द बोलायचे आहेत. मला या पायऱ्या उतरायला वेळ लागतो. त्यांनी वर येऊन मला हात द्यावा, ही विनंती.