कोंबडी लाजते तेव्हा

जनावरांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसले होते. डॉक्टरांच्या खोलीतून एक म्हातारं जोडपं बाहेर आलं आणि लसीची बाटली बर्फात घालून मिळेपर्यंत माझ्या शेजारी टेकलं.

“अगं, मान तिरकी करून बघायची माझ्याकडे. मला वाटलं, लाजते.”

“उभ्या जन्मात मी लाजले नाही तुम्हाला, कोंबडी लाजेल होय? मानमोडी झालीय तिला. हिरवं हगत होती, चोच वासून श्वास घेत होती, तेव्हाही लाजतच होती का?”

“तेव्हा वाटलं, बाजारातून आलीय, दमली असेल.”

“म्हणून आल्या आल्या माझ्या कोंबड्यांत सोडलीत! नवं पाखरू आधी वेगळं ठेवायचं असतं, हे डॉक्टरांनी सांगायची वेळ आली.”

“तिलाही टोचू की लस.”

“लस अजून धडधाकट आहेत त्यांना. तिच्यासाठी औषधच नाही, ऐकलंत ना आत?”

“ऐकलं. पण टाकणार नाही मी तिला. हातानं पाजलं की घोटभर पाणी घेते अजून.”

“टाका कोण म्हणतंय? मागच्या खोलीत ठेवा, तुम्हीच बघा तिचं. फक्त त्या कपड्यांनी, त्या चपलांनी खुराड्याकडे फिरकायचं नाही. बाकीच्या मी सांभाळते.”

“म्हणजे मीही वेगळा?”

“तुम्हीही.”

“आणि जेवण?”

“दारात आणून ठेवीन.”

“दिवसभर बोलू कुणाशी? कोंबडीशी?”

“मी बसेन की उंबऱ्याबाहेर. नुसत्या बोलण्यातून पसरत नाही, विचारून घेतलंय मी डॉक्टरांना.”